झेडपी की इंग्रजी माध्यम? दोन्हीकडे मूल घातलेल्या पालकाचा आढावा

तालुक्याच्या गावापासून आठ-दहा किलोमीटरवर राहणाऱ्या पालकापुढे पहिलीच्या प्रवेशावेळी साधारण दोनच वाटा असतात. एक म्हणजे वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा, दुसरी हायवेलगतची स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी माध्यमाची शाळा. अनुदानित मराठी शाळा आमच्याकडे पाचवीपासून सुरू होते, म्हणून ती इथे बाजूला ठेवतो. माझी मोठी मुलगी हायवेलगतच्या शाळेत आहे, धाकटा मुलगा झेडपीत. दोन्हींची शुल्कपावती, प्रगतिपुस्तक आणि पालकसभा मी एकाच वेळी पाहतो आहे. ओळखीतल्या कोणाचं मूल पाच-सहा वर्षांचं झालं की विचारणा होतेच, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

इमारत, व्हॅन, टाय-बूट आणि खिचडी यांची तुलना करत नाही. ती गेटवर उभं राहूनही करता येते.

आधी पैशाचं. झेडपीच्या शिक्षकांचा पगार राज्य शासन शालार्थ या ऑनलाइन वेतन प्रणालीतून देतं, त्यामुळे त्यात गावाचा संबंध नाही. शाळेच्या हातात जो पैसा येतो तो मुख्यतः समग्र शिक्षा योजनेचा. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: ३१ ते १०० पट असेल तर वर्षाला २५ हजार, १०१ ते २५० असेल तर ५० हजार. खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, सगळं त्यातच, आणि किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. वर्गखोली गळत असेल तर या पैशांत काही होत नाही. त्यासाठी जिल्हा नियोजन समितीच्या निधीची वाट पाहा, नाहीतर ग्रामपंचायतीला गळ घाला. आमच्या शाळेत अनुदान वर्ष सरत आलं की येतं आणि मार्चअखेर खर्ची टाकायची घाई होते. तोवर वीजबिल मुख्याध्यापक खिशातून भरतात. हे कौतुकाने सांगत नाही. शाळा चालवायची ही रीत नव्हे.

हायवेच्या शाळेला सरकारकडून पगार नाही, अनुदान नाही. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याखाली मान्यता मिळाली, की जे काही चालायचं ते पालकांच्या फीवर. त्यामुळे नळ गळला तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त होतो, आणि तो फरक रोज दिसतो. पण फीमधला मोठा भाग इमारतीच्या कर्जाला आणि गाड्यांना जातो असा माझा अंदाज आहे, कारण शिक्षकांना जे मिळतं ते ऐकून वाईट वाटतं. मुलीच्या वर्गाला एकाच वर्षात गणिताच्या मॅडम बदलल्या, मग पुन्हा बदलल्या. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून सरकारी नेमणूक मिळाली की चांगला शिक्षक तिथून निघतो. त्याला दोष कसा देणार?

शिकण्याबद्दल मात्र घाईने निकाल देऊ नये. झेडपीच्या आणि अनुदानित शाळांत शासनाच्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्या होतात. हायवेच्या शाळेत स्वतःच काढलेले पेपर असतात आणि त्यात सगळ्यांना ए-वन. मापच वेगळं, तर तुलना कशाशी करायची? 'असर' या ग्रामीण भागातल्या शैक्षणिक पाहणीच्या २०२४ च्या अहवालात देशभरातल्या सरकारी शाळांतली, दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुलं २३.४ टक्के आहेत. २०२२ मध्ये हाच आकडा १६.३ होता. सुधारणा खरी आहे, पण चारातली तीन मुलं अजून मागेच आहेत, आणि खासगी शाळा या आकड्यात सरकारीच्या पुढे आहेत. तिथे मुळात कोणत्या घरची मुलं जातात हे मात्र लक्षात ठेवावं.

माझ्या घरात काय दिसतं ते सांगतो. मुलगी पाहुण्यांसमोर इंग्रजीत न अडखळता बोलते, आणि हे थोडंथोडकं नाही. तिच्या वयाची वाडीवरची मुलं ते करू शकत नाहीत. पण शाब्दिक उदाहरण आलं की ती आधी भाषेत अडकते. 'रिमेंडर' म्हणजे काय हे मी बाकी म्हणून सांगितलं की गणित लगेच सुटतं. मुलगा सेमीमध्ये आहे. गणिताचं पुस्तक इंग्रजीत, समजावणं मराठीत. तो दुकानात सुट्टे मोजतो, पाटीवरचं नाव वाचतो, वर्तमानपत्रातली बातमी आजीला वाचून दाखवतो. इंग्रजीत बोलायला लाजतो. चौथी-पाचवीच्या मुलांना त्याच्या बाई शाळा सुटल्यावर थांबवून शिष्यवृत्तीची आणि नवोदयची तयारी करून घेतात. नवोदयला किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, त्यामुळे वाडीवरच्या शाळेला तिथे खरी आशा असते. हायवेच्या शाळेत याच तयारीचे वेगळे पैसे आहेत.

आता ज्या गोष्टीने माझ्यापुरता निर्णय झाला, ती.

मुलीच्या शाळेच्या पावतीवर एके वर्षी 'उपक्रम शुल्क' अशी नवी ओळ आली. रक्कम फार मोठी नव्हती. कोणते उपक्रम, एवढंच मला विचारायचं होतं. काउंटरवरच्या मुलीने कोऑर्डिनेटरकडे पाठवलं. कोऑर्डिनेटर मॅडम म्हणाल्या, प्राचार्यांना भेटा. प्राचार्य अतिशय सौजन्याने बोलले, चहा मागवला, आणि म्हणाले, "हा संस्थेचा निर्णय आहे, आमच्या हातात काही नाही." संस्थेचं कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी. तिथे फोन लावला तर, "शाळेत विचारा." मी भांडत नव्हतो. ती माणसंही वाईट नव्हती. पण एवढ्या मोठ्या इमारतीत या पैशांचं काय होतं हे सांगू शकेल असा एकही माणूस मला भेटला नाही.

खरं तर कायदा पालकाच्या बाजूने आहे. शुल्क विनियमनाचा कायदा २०११ चा. त्याप्रमाणे पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीत प्रत्येक इयत्तेचा एक पालक सोडत काढून घ्यायचा, नावं फलकावर लावायची, आणि फीचा प्रस्ताव आधी या समितीपुढे यायचा. मी आमच्या फलकावर नावं शोधली. कोपऱ्यात एक यादी होती. त्यातल्या एका पालकाला गाठलं तर आपण समितीत आहोत हे त्यांना माझ्याकडून कळलं. सभेला म्हणून बोलावलं होतं, रजिस्टरवर सही घेतली होती, एवढंच त्यांना आठवत होतं. वर, तक्रार करायची तर कायद्यातल्या पुढच्या दुरुस्तीप्रमाणे किमान २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. ज्यांची मुलं रोज त्याच शाळेत जातात असे चौथा हिस्सा पालक सह्या करतील, ही अपेक्षा माझ्या अनुभवात तरी भाबडी आहे.

झेडपीत हेच प्रश्न कुठे विचारायचे, तर शाळा व्यवस्थापन समितीत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार हिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. अध्यक्ष पालकांतला, सचिव मुख्याध्यापक. आमच्या समितीची सभा चौथीच्या वर्गात भरते. मुख्याध्यापक जमाखर्चाची कीर्द उघडून बाकावर ठेवतात. फिनेल, खडूचे बॉक्स, पाण्याच्या टाकीला बॉल कॉक, नळाच्या तोट्या, झेरॉक्स, प्रत्येक ओळीसमोर व्हाउचर क्रमांक. एका सभेत वाडीतल्या एका ताईंनी विचारलं, "तोट्या आणल्या म्हणता, मग मुलींच्या बाजूची अजून गळते कशी?" सगळे उठून बघायला गेले. तोटी बसवली होती, वॉशर नव्हता. त्या आठवड्यात बसला. प्रश्न विचारणाऱ्या ताई अंगठा सोडून सही करायला याच समितीत आल्यावर शिकल्या आहेत.

प्रत्येक गावात समिती अशी जिवंत असते असं मी म्हणणार नाही. कित्येक ठिकाणी अध्यक्षपद म्हणजे गावच्या राजकारणातलं सांत्वनपर बक्षीस असतं आणि इतिवृत्त मुख्याध्यापकच घरी बसून लिहितात. वरचा कारभारही अडखळतोच. मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, कारभार प्रशासकांकडे गेला आणि शिक्षण समितीत आपलं गाऱ्हाणं मांडणारा निवडून आलेला सदस्यच उरला नाही. गणवेशाचं उदाहरण तर सगळ्यांनी पाहिलं. समितीकडून काढून खरेदी राज्यपातळीवर नेली. २०२४ च्या पावसाळ्यात काहींना कपडेच मिळाले नाहीत, ज्यांना मिळाले त्यांच्या मापाचे नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये तो अधिकार पुन्हा समित्यांकडे आला. मला यातून एवढंच दिसतं, की समितीकडे पैसा आणि अधिकार असला की काम बरं होतं. आमच्या गावच्या शिंप्याला माझ्या मुलाची उंची ठाऊक आहे.

झेडपीचा खरा त्रास वेगळाच आहे, आणि तो मी रोज सोसतो. शिक्षक वर्गात नसतात. कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढ्याच कामांना जुंपायची मुभा दिली आहे, पण बीएलओ म्हणून मतदारयादीची कामं, यू-डायसवर शाळेची माहिती भरणं, निरनिराळ्या ॲपवरच्या माहित्या आणि तालुक्याच्या बैठका यांत दिवस जातात. ऑनलाइन बदल्या आल्यापासून वशिला कमी झाला हे चांगलं झालं, पण मुलांना जीव लावलेल्या बाई एका यादीसरशी निघून जातात. इथे मात्र फरक असा, की बाई का नाहीत हे मला कळतं. केंद्रप्रमुखांचा नंबर शाळेच्या भिंतीवर आहे, विस्तार अधिकारी महिन्यात कधीतरी येतात, गटशिक्षणाधिकारी पंचायत समितीत बसतात आणि अर्जाची पोच मिळते. काम होतं असं नाही. पण कोणाकडे जायचं ते ठाऊक असतं.

माझा कल कुठे आहे हे एव्हाना कळलंच असेल. तरी दोन परिस्थितींत मी स्वतः झेडपीचा आग्रह धरणार नाही. पहिली, पट विसाच्या खाली गेला असेल तर. पटावरून शिक्षकसंख्या ठरवणाऱ्या, १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयानंतर अशा शाळांचं शिक्षकाचं गणित फार नाजूक झालं आहे, आणि एकाच शिक्षकाकडे चार-पाच इयत्ता असतील तर तो कितीही जीव तोडून शिकवो, मूल मागे राहतं. दुसरी, समितीची सभा वर्षभरात झालेलीच नसेल आणि विचारल्यावर मुख्याध्यापक वही दाखवायला टाळत असतील तर. मग तुम्हाला गळकं छप्परही मिळतं आणि उत्तरही मिळत नाही. त्यापेक्षा हायवेची शाळा बरी.

आणि घरात इंग्रजीचं वातावरण असेल, फी सहा-सात वर्षं ओढाताण न होता भरता येणार असेल, संस्था स्थानिक असून संस्थाचालक स्वतः शाळेत बसत असेल, तर ती निवडही चांगलीच आहे. अशा शाळा आहेत. मोठ्या मुलीला मी तिथून काढलं नाही, कारण तिचं तिथे बस्तान बसलं आहे आणि भाषेचा तिला फायदा होतो आहे. धाकट्याच्या वेळी दोन्ही दारं उघडी होती आणि मी झेडपीचं निवडलं.

प्रवेश घेण्याआधी शनिवारी सकाळच्या शाळेच्या वेळेत दोन्हीकडे जाऊन या. झेडपीत मंजूर शिक्षक किती, हजर किती आणि समितीचं शेवटचं इतिवृत्त कोणत्या तारखेचं, हे विचारा. हायवेच्या शाळेत पुढच्या दोन वर्षांची फी कोणत्या सभेत ठरली आणि गेल्या वर्षीचे किती शिक्षक या वर्षी टिकले, हे विचारा. झेडपीत प्रवेश जूनच्या मध्यावर शाळा उघडल्यावरही मिळतो, त्यामुळे जानेवारीतच हायवेच्या शाळेने "जागा संपत आल्यात" म्हटलं तरी अनामत भरायची घाई करू नका.