जुना स्पीडोमीटर उघडायचा, नवा लावायचा की जीपीएसवर जायचं?

जुन्या मोटरसायकलच्या स्पीडोमीटरची केबल काढून हाताने फिरवून पाहिली आहे, ती कुठे तुटलेली नाही, चाकाकडची गरारीही दाते खाल्लेली नाही, आणि तरी मीटर नीट चालत नाही. इथपर्यंत तुम्ही आला आहात असं धरतो. काटा आणि किलोमीटरचे आकडे दोन्ही मेले असतील तर मात्र पुन्हा एकदा खालीच बघा, दोष बहुतेक वेळा केबलमध्ये किंवा गरारीतच निघतो. आकडे फिरतायत आणि काटा पडून आहे, किंवा काटा छान उठतो पण आकडे गोठलेत, तर दोष मीटरच्या पोटात आहे. मग तीन वाटा उरतात: आहे तो मीटर उघडून दुरुस्त करणं, तसाच दिसणारा नवा बसवणं, किंवा जीपीएसचा डिजिटल मीटर लावणं.

नवा बसवणं सगळ्यात सोपं, हे मान्यच करायला हवं. काच स्वच्छ, डायलचा रंग उडालेला नाही, आतला दिवा लागतो. मीही काही काळ असा मीटर वापरला. काट्याबद्दल फारशी तक्रार नव्हती, थोडा थरथरायचा इतकंच. त्रास झाला तो किलोमीटरचा.

बऱ्याच जुन्या मोटरसायकलींना पेट्रोलचा काटा नसतो. टाकी भरली की मीटरचा आकडा लक्षात ठेवायचा आणि अमुक किलोमीटर झाले की पंप शोधायचा, हीच पद्धत. त्यामुळे अशा गाडीवर वेगापेक्षा अंतर बरोबर असणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आणि नेमकं तेच बिघडलं होतं. कारण साधं आहे. किलोमीटरमागे केबलचे किती फेरे होतात, ते धरून मीटर बनवलेला असतो. बऱ्याच जपानी गाड्यांच्या मीटरवर ताशी ६० किलोमीटरला मिनिटाला १४०० फेरे, म्हणजे किलोमीटरला १४००, असं छापलेलं असतं. जुन्या ब्रिटिश गाड्यांवरच्या स्मिथ्स कंपनीच्या मीटरच्या डायलवर मैलामागचा १००० किंवा १६०० असा आकडा दिसतो. १४०० चा मीटर जर किलोमीटरला १००० फेरे देणाऱ्या गाडीवर बसला, तर ६० च्या वेगाला काटा ४३ च्या आसपास थांबेल. ते एकवेळ चालवून घेता येतं, मनात हिशेब करता येतो. पण १०० किलोमीटर गेल्यावर आकडे ७१ च दाखवतील, आणि तुम्ही निवांत असताना गाडी रिझर्व्हला येईल. माझ्या नव्या मीटरवर हा आकडा छापलेलाच नव्हता. सगळ्याच नव्या मीटरांचं असं असेल असं मी म्हणणार नाही. पण आकडा छापलेला नसेल तर मी तरी घेणार नाही.

आपल्या गाडीचा आकडा काढणं अवघड नाही. केबलचं मीटरकडचं टोक मोकळं करा, आतल्या तारेच्या टोकाला कागदाची छोटी पट्टी लावा, गाडी सरळ ढकलत पुढचं चाक दहा फेरे फिरवा आणि पट्टीचे फेरे मोजा. (मीटर गिअरबॉक्सवरून चालत असेल तर मागचं चाक धरा.) चाकाचा घेर १.९ मीटर असेल तर किलोमीटरला चाकाचे साधारण ५२६ फेरे होतात. पट्टी साडेसव्वीसच्या आसपास फिरली तर तुमची गाडी १४०० वाली, एकोणीसच्या आसपास फिरली तर १००० वाली.

जीपीएसचं अंतर बरोबर येतं, वेग तर जुन्या मीटरपेक्षा अचूक येतो. (काटा मुळातच थोडा जास्त दाखवत असतो, त्यामुळे जीपीएस लावल्यावर गाडी मंदावल्यासारखी वाटते, तसं काही झालेलं नसतं.) फक्त सुरुवातीला उपग्रह सापडेपर्यंत आणि बोगद्यात तो गप्प बसतो. रोज जवळच्या फेऱ्या असतील तर तेवढं अंतर गळत राहतं. शिवाय ६ व्होल्टच्या गाडीवर त्याला वीज कुठून द्यायची हा वेगळाच उद्योग. लांबच्या प्रवासाची, १२ व्होल्टची, चांगली बॅटरी असलेली गाडी असेल तर मी कुणाला अडवणार नाही.

राहिला जुना मीटर. त्यात केबल एक चुंबक फिरवते, चुंबकाभोवती अॅल्युमिनियमची वाटी असते, दोघांचा एकमेकांना स्पर्श नसतो. चुंबक फिरला की वाटीत भोवरी प्रवाह, म्हणजे गोल फिरणारे विजेचे प्रवाह, तयार होतात, ते वाटीला ओढतात आणि बारीक स्प्रिंग तिला मागे धरून ठेवते. वर्षांनुवर्षं गेली की चुंबकाची ताकद कमी होते आणि काटा कमी दाखवू लागतो. पण आकड्यांची चाकं थेट दात्यांवर चालतात, त्यांना चुंबकाशी देणंघेणं नसतं. दाते शाबूत असतील तर काटा कितीही खोटं बोलला तरी किलोमीटर खरेच पडतात. माझं मन इथेच वळलं.

आणि दोष अनेकदा फुटकळ असतो. काटा जाऊन शेवटच्या आकड्याला चिकटतो, त्याचं नेहमीचं कारण म्हणजे केबलला चोपडलेलं ग्रीस वर चढून चुंबक आणि वाटीच्या फटीत भरणं. साफ केलं की काटा ताळ्यावर येतो. आकड्यांचं प्लास्टिकचं चाक फुटलं असेल तर काम वाढतं, दुसऱ्या मीटरमधून काढावं लागतं. खरी कटकट मीटरची काच धरून ठेवणाऱ्या, बाहेरच्या वळवलेल्या रिमची. ती हळूहळू चहूबाजूंनी उचकटावी लागते आणि थोडी तरी खराब होतेच. जोडण्यापूर्वी, मीटर १४०० चा असेल तर, ड्रिल मशीनने मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या वेगाने फिरवून काटा ६० वर येतो का पाहून घ्यावं, मात्र केबल ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने. धक्क्याधक्क्याने काटा हलवणारा जुना क्रोनोमेट्रिक मीटर असेल तर घरी उघडू नका. त्याच्या आत घड्याळासारखं यंत्र असतं, ते जाणकाराकडेच द्यावं.

दुरुस्त मीटर परत बसवताना केबलच्या वरच्या वीतभर भागाला ग्रीस लावू नका, नाहीतर ते पुन्हा वर चढेल.