इंग्लंडमध्ये घर घेताना कायदेशीर काम कोणाकडे द्यावे: गावातला सॉलिसिटर, लायसन्स्ड कन्व्हेयन्सर की एजंटाने सुचवलेली कंपनी?

ऑफर मान्य झाल्याचे कळवताना इस्टेट एजंट त्याच फोनवर पुढचा प्रश्न विचारतो, "तुमचे सॉलिसिटर कोण?" महाराष्ट्रातून आलेल्या कुटुंबाला हा प्रश्न बहुधा बेसावध गाठतो. आपल्याकडे इसार दिला आणि विसार पावती हातात आली की व्यवहाराला थोडीफार बांधिलकी येते. इंग्लंड आणि वेल्समध्ये मात्र दोन्ही बाजूंच्या सह्या झालेल्या करारांची अदलाबदल, म्हणजे एक्सचेंज, होईपर्यंत विकणारा आणि घेणारा दोघेही मोकळे असतात. शेवटच्या आठवड्यात जास्त पैसे देणारा कोणी आला तर विकणारा खुशाल त्याच्याकडे वळू शकतो. त्यामुळे एक्सचेंजपर्यंतचा काळ कोण किती लवकर आणि किती नीट पार पाडतो, यावर पुष्कळ काही ठरते. (स्कॉटलंडची पद्धत वेगळी असल्याने तिचा विचार येथे केलेला नाही.)

पर्याय मुख्यतः तीन असतात. पहिला गावातल्या मुख्य रस्त्यावरच्या सॉलिसिटरचा, म्हणजे वकिलाचा. दुसरा लायसन्स्ड कन्व्हेयन्सरचा, म्हणजे मुख्यतः मालमत्ता हस्तांतराचे काम करण्याचा परवाना असलेल्या व्यावसायिकाचा. तिसरा एजंट किंवा मॉर्गेज ब्रोकर सुचवतो त्या मोठ्या कंपनीचा, जी बहुधा दूरच्या शहरातून फोन आणि ऑनलाइन पोर्टलवर शेकडो व्यवहार एकाच वेळी हाताळते. ही तिसरी कंपनी सॉलिसिटरांची असू शकते किंवा कन्व्हेयन्सरांची, त्यामुळे पहिल्या दोन पर्यायांतला फरक पदवीचा आहे आणि तिसऱ्याचा वेगळेपणा काम करण्याच्या पद्धतीत आहे.

पदवीचा फरक लोक समजतात तेवढा मोठा नाही. या कामावरची सॉलिसिटरांची मक्तेदारी १९८५ च्या कायद्याने संपली आणि कौन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्स ही नियामक संस्था उभी राहिली. सॉलिसिटरांवर सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटीची देखरेख असते. दोघांनाही व्यावसायिक विमा बंधनकारक आहे आणि दोघांविरुद्धही लीगल ओम्बड्समनकडे तक्रार करता येते. साध्या फ्रीहोल्ड (जमिनीसह कायमच्या मालकीच्या) घराच्या खरेदीत चांगला कन्व्हेयन्सर कोणत्याही सॉलिसिटरच्या तोडीचे काम करतो, कारण दिवसभर तो दुसरे काही करतच नाही. घटस्फोटातून होणारी विक्री, शेजाऱ्याशी हद्दीचा वाद किंवा भागीदारांमधला तंटा मध्ये आला, तर मात्र ज्या कार्यालयात इतर कायदेशीर कामेही होतात असा सॉलिसिटर बरा. सॉलिसिटर निवडताना लॉ सोसायटीच्या कन्व्हेयन्सिंग क्वालिटी स्कीमची मान्यता आहे का, हे पाहावे.

आता 'गावातला' या शब्दाविषयी. लँड रजिस्ट्रीचे दस्तऐवज आणि नगरपालिकेचे, पाण्याचे, पर्यावरणाचे सर्च, म्हणजे मालमत्तेविषयीचे शोधअहवाल, आता कुठूनही ऑनलाइन मागवता येतात, त्यामुळे केवळ कार्यालय जवळ आहे एवढ्यासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण उरलेले नाही. तरीही काही ठिकाणी स्थानिक माहितीचे मोल खरे आहे. नॉटिंगहॅमशायरसारख्या जुन्या कोळसाखाणींच्या भागात खाणीचा सर्च लागतो, चेशायरच्या काही भागांत मिठाच्या उपशामुळे जमीन खचण्याचा प्रश्न असतो आणि कॉर्नवॉलमध्ये कथलाच्या जुन्या खाणी असतात. दूरच्या कार्यालयालाही हे सर्च मागवण्याची सूचना संगणक देतो. पण उत्तर आल्यावर ते त्या गल्लीसाठी नेहमीचे आहे की चिंतेचे, हे तिथे वीस वर्षे काम केलेल्या माणसाला चटकन उमगते. लीजहोल्ड, म्हणजे ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावरच्या, फ्लॅटच्या बाबतीत हा फायदा सर्वांत मोठा ठरतो. स्लाव किंवा हॅरोमधल्या एखाद्या इमारतीतले दहा फ्लॅट ज्याच्या हातून गेले आहेत, त्याला तिथली मॅनेजमेंट कंपनी उत्तरे द्यायला किती आठवडे लावते, ग्राउंड रेंट (जमीनमालकाला द्यायचे भाडे) कसे वाढत जाते आणि आगसुरक्षेच्या कागदांचे काय झाले, याची कल्पना आधीच असते. जिथे लीजची ८० पेक्षा कमी वर्षे उरली आहेत किंवा इमारत उंच आहे, अशा फ्लॅटसाठी मी केवळ स्वस्त दर पाहून कोणालाही काम देणार नाही.

दराची तुलना करताना पहिल्या ओळीतला आकडा फसवा असतो. सॉलिसिटरांनी घरखरेदीचे दर संकेतस्थळावर जाहीर करावेत असा नियम डिसेंबर २०१८ पासून आहे, पण पोटआकार वेगळे असतात: लीजहोल्डसाठी जादा, मॉर्गेज देणाऱ्या बँकेच्या वतीने काम करण्यासाठी जादा, आईवडिलांनी दिलेल्या रकमेची तपासणी, स्टँप ड्यूटीचे विवरणपत्र, बँक हस्तांतर, ओळखपत्र तपासणी, आणि या साऱ्यावर २० टक्के व्हॅट. मोठ्या कंपन्यांच्या कोटमध्ये (खर्चाच्या अंदाजपत्रकात) मूळ फी कमी आणि हे पोटआकार जास्त, असे मला वारंवार दिसले आहे. गावातल्या कार्यालयाचा आकडा आरंभी मोठा दिसतो, पण तो बऱ्याचदा शेवटपर्यंत तोच राहतो. म्हणून तिघांकडूनही सर्व खर्चांसह लेखी कोट मागावा आणि व्यवहार मोडला तर किती द्यावे लागेल, हेही त्यातच विचारावे. एजंटाने नाव सुचवले असेल तर त्याला त्याबद्दल किती रेफरल फी मिळते, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. ती घेणे बेकायदेशीर नाही, मात्र ती उघड करावी लागते. आणि एजंटाने सुचवलेलीच कंपनी घेण्याचे बंधन ग्राहकावर नसते.

भारतातून आलेल्या खरेदीदारासाठी सर्वांत महत्त्वाची कसोटी मात्र वेगळीच आहे. मनी लाँडरिंगविरोधी नियमांमुळे डिपॉझिटचा प्रत्येक पौंड कुठून आला, हे दाखवावे लागते. पुण्यातला फ्लॅट विकून, वडिलांच्या मुदतठेवी मोडून किंवा आईच्या खात्यातून रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली पैसे आले असतील, तर भारतीय बँकांची विवरणे, विक्रीचे खरेदीखत आणि भेटीचे पत्र समोर ठेवावे लागते. काही कार्यालये परदेशातून येणारी रक्कम स्वीकारतच नाहीत, आणि हे कित्येकदा कोट देताना कळत नाही. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला ते सहाव्या आठवड्यात कळले. तोवर सर्चचे पैसे खर्च झाले होते आणि नव्या सॉलिसिटरकडे सगळे पुन्हा सुरू करावे लागले. पहिल्याच फोनवर 'पैसे भारतातून येणार आहेत' असे सांगावे आणि त्यावर पलीकडून कोणते प्रश्न येतात ते ऐकावे. जो लगेच नेमकी कागदपत्रे सांगतो, त्याने हे काम पूर्वी केलेले असते.

स्टँप ड्यूटीचा प्रश्न याहून नाजूक आहे. इंग्लंडमधल्या सध्याच्या दरांनुसार ४ लाख पौंडांच्या घरावर पहिल्यांदा घर घेणाऱ्याला ५,००० पौंड, सामान्य खरेदीदाराला १०,००० पौंड आणि दुसरे घर घेणाऱ्याला ३०,००० पौंड भरावे लागतात. 'पहिले घर' आणि 'दुसरे घर' ठरवताना जगभरातली मालमत्ता मोजली जाते, हे आपल्या लोकांना अनेकदा ठाऊक नसते. ठाण्यात स्वतःच्या नावावर फ्लॅट असेल तर पहिल्या खरेदीदाराची सवलत जाते, आणि त्यातल्या तुमच्या हिश्शाची किंमत ४०,००० पौंड किंवा अधिक असेल तर दुसऱ्या घरावरचे जादा ५ टक्केही लागू शकतात. पतीपत्नीपैकी एकाच्या नावावर असला तरी दोघांवर परिणाम होतो. वारसाने मिळालेल्या हिश्शाचे नियम आणखी वेगळे आहेत: तीन वर्षांच्या आत मिळालेला, निम्म्याहून अधिक नसलेला हिस्सा जादा करासाठी सहसा धरला जात नाही, पण वारसाने मिळालेल्या घरामुळे पहिल्या खरेदीदाराची सवलत मात्र जाऊ शकते. बरीच कार्यालये 'आम्ही करसल्ला देत नाही' असे पत्रातच लिहून मोकळी होतात. गावी नाव लागलेले घर असेल, तर हा प्रश्न समजून घेणारा सॉलिसिटर किंवा त्याच्या जोडीला स्वतंत्र कर सल्लागार घ्यावा. येथे वाचवलेले दोनतीनशे पौंड फार महागात पडतात.

दोन गोष्टी तिन्ही पर्यायांना सारख्याच लागू होतात. निवडलेले कार्यालय तुमच्या बँकेच्या पॅनेलवर, म्हणजे मान्य यादीत, असले पाहिजे, नाहीतर बँक स्वतःसाठी वेगळा सॉलिसिटर नेमते आणि खर्च व वेळ दोन्ही वाढतात. शिवाय फाइल कोणाच्या हाती राहील, त्या व्यक्तीचे नाव, तिचा थेट फोन आणि ती रजेवर गेल्यास कोण पाहील, हे काम देण्यापूर्वी विचारावे. माझ्या पहिल्या खरेदीत, एजंटाने सुचवलेल्या कंपनीत, चार महिन्यांत तीन वेगवेगळ्या व्यक्तींनी फाइल हाताळली आणि प्रत्येकाने लीजविषयीचा तोच प्रश्न नव्याने विचारला. दुसऱ्या वेळी गावातल्या एका लायसन्स्ड कन्व्हेयन्सर बाईंकडे गेलो. त्या दोन दिवसांत एकदा फोन उचलायच्या, पण उचलला की फाइल न उघडता उत्तर द्यायच्या. मी त्यांनाच पुन्हा काम देईन.

विकणाऱ्याचे गणित सोपे आहे. कर आणि पैशाचा स्रोत हे प्रश्न त्याच्याकडे फारसे येत नाहीत, त्यामुळे साधे फ्रीहोल्ड घर असेल तर दूरची स्वस्त कंपनीही चालून जाते. फ्लॅट असेल तर मात्र ऑफर येण्याची वाट न पाहता, घर बाजारात ठेवतानाच सॉलिसिटर नेमावा, मालमत्तेच्या माहितीचे फॉर्म भरून घ्यावेत आणि मॅनेजमेंट कंपनीकडून लीजहोल्डची माहिती मागवून ठेवावी, कारण खरेदीदार मिळाल्यावर सर्वांत जास्त आठवडे त्याच कागदांसाठी जातात.