ग्रे सीमलेस पेपर रोल: एक पावसाळा आणि पोर्ट्रेटची एक बॅच झेलल्यानंतर

पोर्ट्रेट शिकवणाऱ्या छोट्या स्टुडिओत माणसाच्या मागे सोडायच्या सीमलेस (जोड नसलेल्या) कागदाचा पहिला रोल हमखास पांढरा येतो. पासपोर्टचा फोटो, कंपनीच्या आयडीचा फोटो, लग्नाच्या बायोडेटाचा फोटो, सगळं पांढऱ्यावरच लागतं, हे त्याचं कारण. पण हाताशी एकच रोल असेल आणि शिकायचं असेल, तर तो मध्यम ग्रे असावा, असं आता ठाम मत झालंय.

आधी वस्तूबद्दल. पूर्ण रोल २.७२ मीटर रुंद आणि ११ मीटर लांब येतो. कागद १४५ जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम) आसपासचा, म्हणजे नुसता कागदच सव्वाचार किलोच्या वर, शिवाय जाड पुठ्ठ्याची नळी. ही नऊ फुटी नळी बहुतेक इमारतींच्या लिफ्टमध्ये मावत नाही. जिन्याच्या वळणावर ती तिरकी करावी लागते आणि टोकं तिथेच चेपतात. डिलिव्हरी घेताना खोका उघडून दोन्ही टोकं बघा आणि नळी मध्ये वाकली नाही ना, हे लांबून एका डोळ्याने तपासा. वाकलेला रोल सरळ परत करा. तो बाक जात नाही. कागद सोडला की एका बाजूला ओढ घेतो आणि मधोमध तिरक्या लाटा पडतात.

१.३५ मीटरचा अर्धा रोल न्यायला-आणायला सोपा आणि हेडशॉटला पुरतो, पण कॅमेरा उभा धरलात तरच. फुल फ्रेमवर (३६ × २४ मिमी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ८५ मिमी लेन्स, माणूस १.८ मीटरवर आणि कागद त्याच्या मागे दीड मीटरवर असेल, तर उभ्या फ्रेममध्ये कागदाची ९३ सेंटीमीटर रुंदी दिसते. तोच कॅमेरा आडवा केला की १.४ मीटर दिसते आणि दोन्ही कडांना भिंत डोकावते. नवे विद्यार्थी इथे हटकून फसतात आणि दोष रोलला देतात.

पूर्ण उंचीच्या फोटोला खोली किती लागते, हे रोल घेण्याआधीच मोजा. ८५ मिमीने डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचं तर कॅमेरा सव्वापाच मीटर मागे जातो. मागे दोन मीटर मोकळे आणि फोटो काढणाऱ्याला उभं राहायला जागा धरली तर २५ फूट लागतात. अठरा फुटी खोलीत ५० मिमी वापरावी लागते आणि तेव्हा २.७२ मीटरचा कागद जेमतेम पुरतो. ३५ मिमी लावलीत तर कडा कापत बसा.

स्टँडच्या सेटबरोबर येणारा सरकता दांडा मध्ये झोल खातो. त्याऐवजी एकसंध अ‍ॅल्युमिनियम पाइप टाकला की लाटांचा अर्धा त्रास संपतो. नळीच्या दोन्ही टोकांना ए-क्लॅम्प (स्प्रिंगचे मोठे चिमटे) हवेतच, नाहीतर रोल स्वतःच्या वजनाने धडधडत उलगडतो आणि कागदाला घडी पडते. घडी पडली की ती फोटोत दिसणारच. दोन्ही स्टँडच्या पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवा. जमिनीवरची कड गॅफर टेपने (कापडी टेपने) चिकटवा. खोक्यांचा ब्राऊन टेप काढताना कागदाचा वरचा पापुद्रा सोबत घेऊन येतो. छताचा पंखा बंद ठेवावा लागतो, कारण कागद फडफडतो. मग पाच मिनिटांत मॉडेलचं कपाळ चमकायला लागतं, म्हणून टिश्यू पेपर जवळ असू द्या. पावडर थापू नका, फ्लॅशमध्ये ती राखेसारखी दिसते.

आता मुद्द्याचं, ग्रे का. मध्यम ग्रे ढोबळमानाने १८ टक्के प्रकाश परत पाठवतो, पांढरा कागद ९० च्या आसपास. फरक सव्वादोन स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). म्हणजे ग्रेवर पडणारा प्रकाश चेहऱ्यावरच्या प्रकाशापेक्षा अडीच स्टॉप जास्त ठेवला तर तो जेमतेम पांढरा येतो, तीन स्टॉप ठेवला तर नक्कीच. लाइट मीटरच्या रीडिंगमध्ये चेहरा एफ ५.६ वर, कागद एफ १६ वर. कागदावर दोन्ही बाजूंनी एकेक लाइट ४५ अंशांत टाका, डावा उजव्या अर्ध्यावर आणि उजवा डाव्या अर्ध्यावर, म्हणजे मध्ये गरम ठिपका पडत नाही. लाइट आणि मॉडेलच्या मध्ये काळे थर्मोकोल उभे करा, नाहीतर तोच प्रकाश गालाच्या कडेला चिकटतो. याहून जास्त रेटू नका. कागद फार उजळला की लेन्समध्ये धुकं येतं आणि केसांच्या बटा खाल्ल्या जातात. कॅमेऱ्याची हायलाइट वॉर्निंग (जास्त उजळलेला भाग स्क्रीनवर लुकलुकवणारी सोय) चालू ठेवा. फक्त कागद लुकलुकायला हवा. कान लुकलुकला तर मागचे लाइट अर्धा स्टॉप उतरवा.

उलट बाजूला, त्याच रोलवर काळं हवं असेल तर एकही वस्तू बदलायची नाही. मागचे लाइट बंद. मुख्य सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारा, लाइटवर लावायचा कापडी डबा) चेहऱ्यापासून १ मीटरवर, कागद चेहऱ्याच्या मागे २ मीटरवर. कागद लाइटपासून तिप्पट अंतरावर गेला, म्हणजे त्याला नववा हिस्सा प्रकाश मिळतो, घट तीन स्टॉपहून किंचित जास्त. १८ टक्क्यांचा ग्रे दोन टक्क्यांवर येतो. तोच सॉफ्टबॉक्स ३ मीटर मागे नेला तर फरक फक्त दीड स्टॉपचा उरतो आणि कागद मळकट राखाडी दिसतो. अंतराच्या वर्गाचा नियम फळ्यावर लिहून जे कळत नाही, ते लाइटचा स्टँड दोन पावलं मागे-पुढे केल्यावर लख्ख कळतं. खोलीच्या भिंती पांढऱ्या असतील तर हा प्रयोग फसतो, कारण भिंतींवरून प्रकाश परत कागदावर येतो. सॉफ्टबॉक्सला ग्रिड (प्रकाश बाजूला सांडू न देणारी जाळी) लावा आणि बाजूच्या भिंतीवर काळं कापड सोडा.

सगळ्यात मोठा फायदा केसांचा. काळे केस काळ्या कागदावर हेअर लाइटशिवाय (केसांवर टाकलेल्या वेगळ्या लाइटशिवाय) विरघळतात. पांढऱ्यावर वेगळे दिसतात, पण कॅमेऱ्याचं स्वतःचं मीटर पांढऱ्याला ग्रे समजून एक्स्पोजर कमी करतं आणि सावळा चेहरा आणखी काळवंडतो. मग विद्यार्थी लाइट वाढवत सुटतात, जिथे खरं तर हनुवटीजवळ लाइट मीटर धरून रीडिंग घ्यायला हवं असतं. ग्रे कागद चेहऱ्यापेक्षा अर्धा ते एक स्टॉप खाली ठेवला की एकाच लाइटमध्ये केस, कातडी आणि पार्श्वभूमी तिन्ही सुटे दिसतात.

रंगीत जेलसाठीही (लाइटवर लावायच्या रंगीत पारदर्शक पट्टीसाठी) ग्रे बरा. पांढऱ्यावर मुख्य लाइटचा सांडलेला प्रकाश निळ्या जेलला फिकट आकाशी करून टाकतो. ग्रेवर निळा निळाच राहतो.

तक्रारी आहेतच. पायाखाली स्वच्छ पांढरी जमीन हवी असेल तर ग्रे कामाचा नाही, कारण तिथला प्रकाश तीन स्टॉप वाढवला की माणूसही जळतो. त्यासाठी पांढराच रोल लागतो. मागे तीन स्टॉप म्हणजे आठपट प्रकाश, तेव्हा कमी ताकदीचे स्पीडलाइट (कॅमेऱ्यावर बसणारे छोटे फ्लॅश) इथे दमतात. ग्रेवर बुटांचे ठसे पांढऱ्याइतकेच उठतात. तळव्याला मास्किंग टेप लावणं हा स्वस्त उपाय. पूर्ण उंचीच्या कामात पाच मीटर कागद बाहेर असतो आणि प्रत्येक वेळी मळलेला मीटरभर कापला जातो, म्हणजे ११ मीटरमध्ये सहा वेळा. कापताना खाली हार्डबोर्ड आणि वर लांब पट्टी ठेवून कटर एका दमात चालवा. कड वाकडी गेली तर पुढच्या वेळी गुंडाळताना रोल तिरका जातो.

पावसाळ्यात हा कागद खरा त्रास देतो. दमट हवेत तो पाणी शोषतो आणि वरून खाली उभ्या लाटा पडतात. काम संपलं की लगेच गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि जमिनीला न टेकवता लाकडी फळीवर उभा ठेवा. फरशीला घाम सुटतो, आडवा ठेवलेला रोल मध्ये बसतो. शूटच्या तासभर आधी एसी ड्राय मोडवर लावला तर लाटा बऱ्याच बसतात. उरलेल्या लाटा कडेच्या लाइटमध्ये उठून दिसतात. कागद दोन मीटर मागे नेऊन अ‍ॅपर्चर एफ ४ वर आणलं की हेडशॉटमध्ये त्या दिसेनाशा होतात.

नॉन-वोव्हन कापड स्वस्त पडतं, पण घड्या इस्त्रीनेही जात नाहीत आणि मागून उजेड आरपार येतो. व्हिनाइल पुसता येतं, पण चमकतं. कापून कापून रोल शेवटच्या पाच मीटरवर आला की तो हेडशॉटसाठी राखून ठेवा. तिथे जमीन दिसत नाही, कागद मळत नाही आणि तेवढ्यात पुढची अख्खी बॅच निघते.