माझदा ३: काही महिन्यांच्या वापरानंतर, आणि हिरोशिमाच्या हट्टाविषयी

हिरोशिमा शहराच्या पूर्वेला, डोंगरांमधल्या पठारावर साइजो नावाचे गाव आहे. नोकरीनिमित्त मी तिथे राहते आणि गेले काही महिने माझदा ३ ही गाडी रोज चालवते. गाडी सेकंड हँड घेतलेली, २०१९ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीतली, पाच दारांची, दोन लिटर पेट्रोल इंजिन आणि सहा गिअरचा ऑटोमॅटिक असलेली. या भागात माझदा घेणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही, कारण कंपनी इथलीच; पुण्या-मुंबईच्या मित्रमंडळींना मात्र प्रश्न पडतो. माझदाच्या मोटारी भारतात विकल्या जात नाहीत आणि आपल्याकडे हे नाव अनेकांच्या कानावरून गेले आहे ते फक्त स्वराज माझदाच्या मिनीबसमुळे. म्हणून या लेखात गाडीबरोबर कंपनीविषयीही लिहिते आहे. ही गाडी अशी का आहे, हे कंपनीचा इतिहास बाजूला ठेवून सांगता येणार नाही.

आधी चालवण्याविषयी. अ‍ॅक्सिलरेटरचे पेडल वरून लोंबत नाही, ते जमिनीला बिजागरीने जोडलेले आहे, त्यामुळे टाच एका जागी टेकलेली राहते आणि पाऊल पेडलवरून घसरत नाही. सीटची रचना अशी की कंबर मागे ढळत नाही. माकडहाड सरळ राहून पाठीचा नैसर्गिक बाक टिकतो. शोरूममध्ये दहा मिनिटे बसून हे कळत नाही, ओसाका गाठून परत आल्यावर गाडीतून उतरताना कळते. इथून पश्चिमेला जायला दोन रस्ते आहेत: समुद्राच्या बाजूने जाणारा नवा सान्यो एक्स्प्रेसवे, आणि डोंगरातून वळत-वळत जाणारा जुना चुगोकू एक्स्प्रेसवे. बहुतेक लोक पहिला निवडतात. मी वेळ असेल तेव्हा दुसरा निवडते, कारण या गाडीचे खरे कसब वळणांवर दिसते. स्टिअरिंग वळवायला सुरुवात होताच इंजिनाची ताकद क्षणभर किंचित कमी केली जाते, गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो आणि चाके रस्ता अधिक घट्ट धरतात. वळणातून बाहेर पडताना ब्रेकचा अगदी हलका वापर करून गाडी सरळ केली जाते. चांगला गाडीवान वळणाआधी कासरा जरासा आवळतो, तसेच हे, आणि हाताला ते जाणवू नये इतक्या हलकेपणाने. जाणवते एवढेच की स्टिअरिंग पुन्हा-पुन्हा सावरावे लागत नाही.

मागच्या चाकांसाठी या पिढीत आधीची मल्टिलिंक रचना (दोन्ही चाके स्वतंत्रपणे हलणारी) सोडून साधी टॉर्शन बीम (दोन्ही चाके एका आडव्या तुळईने जोडलेली) वापरली, यावर जाणकारांनी तेव्हा बरीच टीका केली होती. कागदावर ती टीका योग्यच आहे. डांबर फाटलेल्या रस्त्यावर मागच्या बाजूचा दणका थोडा कोरडा लागतो हेही खरे, पण जपानातले रस्ते पाहता तो प्रसंग क्वचितच येतो.

अ‍ॅव्हरेज गावात लिटरला अकरा-बारा आणि एक्स्प्रेसवेवर सतरा-अठरा मिळते. हायब्रिड गाड्यांच्या तुलनेत हे काहीच नाही. शेजारच्या टोयोटावाल्यांशी या विषयावर बोलू नये हे उत्तम. तरीही या इंजिनाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. २००८ च्या जागतिक मंदीनंतर माझदाला सलग चार आर्थिक वर्षे तोटा झाला आणि फोर्डने याच काळात माझदातला आपला मोठा हिस्सा विकून टाकला. अशा अवस्थेत हायब्रिड तंत्र स्वतः उभे करण्याइतका पैसा नव्हता. कंपनीने मग साध्या पेट्रोल इंजिनातच अजून काय पिळून काढता येईल हे पाहायचे ठरवले. पेट्रोल इंजिनाचा कम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण पेटण्याआधी किती पट दाबले जाते तो आकडा, वाढवला की कार्यक्षमता वाढते, पण इंधन वेळेआधी पेटून इंजिन नॉक करू लागते, म्हणून तेव्हाची बहुतेक इंजिने दहा-अकराच्या आसपास थांबत. माझदाच्या अभियंत्यांनी पाहिले की सिलिंडरमध्ये मागे उरलेला गरम धूर हे नॉकिंगचे एक मोठे कारण आहे. तो धूर नीट बाहेर जावा म्हणून त्यांनी एक्झॉस्टच्या नळ्या लांब केल्या आणि चारच्या दोन, दोनची एक अशा जोडल्या. पिस्टनच्या डोक्यावर खळगा ठेवला. २०११ मध्ये डेमिओ ही छोटी गाडी १४ कम्प्रेशन रेशोचे इंजिन घेऊन आली आणि तेव्हाच्या जपानी मापनपद्धतीनुसार कोणत्याही विजेच्या मोटारीविना लिटरला ३० किलोमीटर धावली. माझ्या गाडीत हा आकडा १३ आहे आणि ती साध्या रेग्युलर पेट्रोलवर चालते. टर्बोची सवय असणाऱ्याला हे इंजिन खालच्या वेगात थंड वाटेल. पेडल दाबू तेवढीच ताकद, ना जास्त ना कमी, हे आवडणाऱ्यासाठी ते बनलेले आहे.

बाकी सगळे ज्या वाटेने गेले ती सोडून आपली वाट पकडायची, ही या कंपनीची जुनी खोड आहे. १९२० साली हिरोशिमात बुचाचे सामान बनवणारा एक कारखाना निघाला. पुढच्याच वर्षी लोहारकामातून वर आलेले जूजिरो मात्सुदा त्याचे प्रमुख झाले आणि त्यांनी तो यंत्रनिर्मितीकडे वळवला. १९३१ मध्ये तीनचाकी मालवाहू गाडी बाजारात आली आणि तिच्यावर माझदा हे नाव होते. ते मात्सुदा या आडनावाशी जुळते आणि पारशी धर्मातल्या अहुर मज्दाशीही. कंपनीचे अधिकृत नाव मात्र १९८४ पर्यंत तोयो कोग्यो असेच होते.

६ ऑगस्ट १९४५ रोजी शहरावर अणुबॉम्ब पडला. तो दिवस मात्सुदांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा होता. शहराच्या मध्यापासून काही किलोमीटरवर, फुचू गावातला कारखाना मात्र मधल्या हिजियामा टेकडीच्या आडोशामुळे बऱ्याच अंशी वाचला. प्रांताच्या कारभाराला जागा उरली नव्हती म्हणून प्रशासनाची कार्यालये जवळपास वर्षभर याच कारखान्याच्या इमारतींमध्ये चालली, आणि त्याच डिसेंबरात तीनचाकींचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. आजही हिरोशिमातल्या माणसाचे माझदाशी असलेले नाते गिऱ्हाईक आणि दुकानदार असे नाही. टोयोटाला चांगले म्हटले तर इथे कुणी रागावत नाही, पण माझदाला नावे ठेवली तर संभाषण थांबते.

कंपनीचा लौकिक ज्या एका गोष्टीने घडला आणि बुडता-बुडता वाचला, ती म्हणजे रोटरी इंजिन. पिस्टन वर-खाली होण्याऐवजी एक त्रिकोणी रोटर पोकळीत फिरत राहतो, ही जर्मन अभियंते फेलिक्स वांकेल यांची कल्पना. १९६१ मध्ये माझदाने एनएसयू या जर्मन कंपनीशी करार केला, आणि अभियंते केनइची यामामोतो यांच्याकडे सत्तेचाळीस जणांची तुकडी सोपवली. अडचण अशी की रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या कंप पावून आतल्या भिंतीवर ओरखडे उमटवत; त्या ओरखड्यांना तिथे सैतानाच्या नखांचे वळ म्हणत. कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र करून बनवलेल्या पट्ट्यांनी तो प्रश्न सुटला, आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट विक्रीला आली. जगातल्या अनेक मोठ्या कंपन्यांनी वांकेलचे परवाने घेतले होते. दशकानुदशके ते इंजिन विकत राहिली ती एकटी माझदा. त्याची किंमतही तिनेच मोजली. १९७३ च्या तेलसंकटात जास्त पेट्रोल पिणारे रोटरी सगळ्यांना नकोसे झाले, कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली, सुमितोमो बँकेने हात दिला, हजारो कामगारांना कारखान्यातून काढून गाड्या विकायला पाठवले गेले आणि १९७९ मध्ये फोर्डने चौथा हिस्सा घेतला. हे सगळे चालू असतानाच १९७८ मध्ये रोटरीवरच चालणारी आरएक्स-७ ही स्पोर्ट्स कार आली, आणि पुढे यामामोतो कंपनीचे अध्यक्ष झाले. दुसऱ्या एखाद्या कंपनीत अशा माणसाची बदली झाली असती.

१९९१ मध्ये ५५ क्रमांकाच्या ७८७बी गाडीने ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. जपानी कंपनीने ती जिंकण्याची ती पहिलीच वेळ, आणि पुढची वेळ थेट २०१८ मध्ये टोयोटाची. या विजयामुळे चिडून रोटरीवर बंदी घातली गेली, असे चवीने सांगितले जाते. प्रत्यक्षात इंजिनांचे नियम बदलायचे आधीच ठरलेले होते.

याच सुमारास कंपनीने उत्तम आणि भयंकर अशा दोन्ही गोष्टी केल्या. उत्तम म्हणजे १९८९ ची रोडस्टर: साधी, हलकी, दोन माणसांची उघडी गाडी, जी ब्रिटिशांनी बनवायची सोडून दिली होती; २०१६ मध्ये तिची दहा लाखावी प्रत बनली. भयंकर म्हणजे जपानात एकाच वेळी पाच वेगवेगळ्या नावांची विक्री-साखळी उभारण्याचा निर्णय. अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला, गाड्या पडून राहिल्या, आणि १९९६ मध्ये फोर्डने हिस्सा ३३.४ टक्क्यांवर नेऊन हेन्री वॉलेस यांना अध्यक्ष केले. जपानी मोटार कंपनीचे ते पहिले परदेशी अध्यक्ष. पडून राहणाऱ्या गाड्या खपवण्यासाठी दिलेल्या मोठ्या सवलतींनी जुन्या माझदांची किंमत कोसळवली. इतर कंपन्यांचे विक्रेते जुनी माझदा घेताना हातावर चिल्लर ठेवत, त्यामुळे मालकाला पुन्हा माझदाच्याच दारात जावे लागे. या चक्राला जपानी लोक माझदा नरक म्हणतात. पुढे कंपनीने सवलती आवरल्या आणि रूप, रंग, आतली सजावट यांवर खर्च केला, त्यामुळे ही बदनामी बरीच निवळली आहे. तरी जुन्या गाडीचा भाव टोयोटाइतका टिकत नाही, आणि सेकंड हँड घेणाऱ्या माझ्यासारखीला त्याचा निव्वळ फायदाच झाला.

विश्वासार्हतेबद्दल भाबडेपणा नसावा. याच कंपनीच्या डिझेल इंजिनांमध्ये काजळी साचण्यावरून जपानात रिकॉल झाले आहेत; माझा रोजचा प्रवास छोट्या अंतराचा, आणि तो डिझेलच्या गाळणीला मानवत नाही, म्हणून मी पेट्रोल घेतले. जून २०२४ मध्ये टोयोटा, होंडा, सुझुकी आणि यामाहाबरोबर माझदाचेही प्रमाणन-चाचण्यांमधले गैरप्रकार उघड झाले. माझदा २ आणि रोडस्टर आरएफ यांच्या चाचणीत इंजिनाचे सॉफ्टवेअर बदललेले होते, आणि जुन्या अ‍ॅटेन्झा व अ‍ॅक्सेला या गाड्यांच्या धडक-चाचणीत एअरबॅग सेन्सरने न उघडता टायमरने उघडली गेली होती. अ‍ॅक्सेला ही माझ्या गाडीची थेट पूर्वज. माझ्या पिढीच्या गाडीचा त्या यादीत समावेश नव्हता, पण प्रामाणिक कारागिरीच्या गप्पा मारणाऱ्या कंपनीकडून हे होणे मला जास्त खटकले.

माझ्या गाडीला नेहमीच्या सर्व्हिसिंगपलीकडे आजवर काही लागलेले नाही. खर्च आला तो रंगामुळे. सोल रेड क्रिस्टल हा लाल रंग तीन थरांचा असतो: खाली अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कण असलेला परावर्तक थर, त्यावर पारदर्शक लाल, वर क्लिअर कोट. संध्याकाळच्या तिरक्या उन्हात दाराच्या पत्र्यावरची सावली काळी न दिसता गडद डाळिंबी दिसते, आणि पार्किंगमध्ये गाडी लावून मागे वळून पाहण्याचा मोह होतो. पण सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये कुणीतरी मागच्या चाकाजवळ घासून गेल्यावर गॅरेजवाल्याने सांगितले की तेवढाच तुकडा रंगवला तर फरक उठून दिसेल, शेजारच्या दारापर्यंत रंग विरवत न्यावा लागेल. बिल त्याप्रमाणे झाले. रोज गर्दीच्या पार्किंगमध्ये गाडी लावणाऱ्याने करडा रंग घ्यावा.

मागची सीट हा या गाडीचा उघड तोटा आहे, आणि तो लपवलेलाही नाही. मागचा खांब जाडजूड, खिडक्या चिंचोळ्या. आईवडील सांगलीहून आले तेव्हा त्यांना ओनोमिचीहून शिमानामी काइदोने बेटांवर नेले, आणि सेतो समुद्र पाहण्यासाठी आईला दर पुलावर पुढे वाकावे लागले. रिव्हर्स घेताना कॅमेऱ्याशिवाय भागत नाही. कुटुंबासाठी एकच गाडी घ्यायची असेल तर माझदाचीच सीएक्स-५ ही एसयूव्ही पाहावी.

पडद्याविषयी सांगून थांबते. माझ्या गाडीचा पडदा स्पर्शाने चालत नाही; गिअरच्या मागे एक गोल खटका आहे, तो फिरवून आणि दाबून नकाशा, गाणी, सगळे चालवायचे. पडद्याला हात लावायला ड्रायव्हर पुढे झुकतो आणि त्याची नजर रस्त्यावरून हटते, हे कारण कंपनीने दिले होते. पहिले दोन आठवडे मला हा खटका कटकटीचा वाटला. आता न पाहता बोटांनी दोन खाचा मोजून नकाशा उघडते, आणि एअर कंडिशनची बटणे तर खरीखुरी, दाबली की टक् वाजणारी आहेत. २०२५ मध्ये दाखवलेल्या नव्या सीएक्स-५ मधून कंपनीने हा खटका आणि बरीचशी बटणे काढून मोठा टच पडदा बसवला आहे. बाजाराला तेच हवे असेल. पेट्रोल पिणारे रोटरी जपणाऱ्या कंपनीने हे मात्र सोडायला नको होते. या गाडीचे पुढचे शाकेन, म्हणजे दर दोन वर्षांची सरकारी तपासणी, मी भरणार आहे, आणि तोवर कुणी विकत मागितली तरी देणार नाही.