२००४ चा बोस्टन की २०१६ चा शिकागो?

बेसबॉल नुकताच बघू लागलेल्या भाच्याने विचारलं, मेजर लीगचा, म्हणजे अमेरिकेतल्या अव्वल बेसबॉल लीगचा, एकच जुना हंगाम बघायचा तर कोणता? बोस्टन रेड सॉक्सचा २००४ की शिकागो कब्जचा २०१६?

विजेतेपदाची वाट दोघांनीही पिढ्यान्‌पिढ्या पाहिली: बोस्टनने ८६ वर्षं, शिकागोने १०८. साखळीत शिकागो सरस, १०३ विजय. बोस्टन ९८ विजयांसह वाइल्ड कार्डने, म्हणजे गटविजेता नसताना मिळणाऱ्या जागेवरून, बाद फेरीत.

थरारात मात्र बोस्टनला तोड नाही. अंतिम मालिकेआधीच्या, चार विजय लागणाऱ्या मालिकेत न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध ०-३ ने मागे. चौथा सामना, नववा म्हणजे शेवटचा डाव, एका धावेची पिछाडी, समोर यांकीजचा सामने संपवणारा नामांकित पिचर (चेंडू फेकणारा) मारियानो रिव्हेरा. बदली धावपटू डेव्ह रॉबर्ट्स पहिल्या बेसवर (धावेच्या चार टप्प्यांपैकी पहिल्यावर) येतो. हा पळणार हे सगळ्या मैदानाला ठाऊक, तरी पठ्ठ्या दुसरा बेस चोरतोच, म्हणजे चेंडू टोलवला जायची वाट न बघता तिथवर पळतोच! तिथून सलग चार विजय. त्यापुढे अंतिम मालिका फिकी, सेंट लुईसवर सरळ ४-०.

शिकागोचा कळस अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात: क्लीव्हलँडच्या राजाई डेव्हिसचा बरोबरी साधणारा होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवणारा फटका), मग पाऊस, मग दहाव्या, जादा डावात शिकागोचा ८-७ विजय.

एकच रात्र मोकळी असेल तर शिकागोचा तो सामना. आठवडाभर रोज बसायची तयारी असेल तर बोस्टनच.