कोरलेला कोड की आरएफआयडी टॅग?

लष्करी साहित्याला भंगारात जाईपर्यंत टिकणारी ओळख द्यायची, तर धातूवर कोरलेला डेटा मॅट्रिक्स (क्यूआरसारखा ठिपक्यांचा चौकोनी कोड) घ्यावा की आरएफआयडी टॅग (रेडिओलहरींनी दुरून वाचली जाणारी चिप), असा पेच एका वाचकाने घातला.

टिकाऊपणात कोरीव कोड सरस. लेझरने उमटवलेला चौकोन तेल, ऊन, घासाघीस सोसतो. थोडा खरवडला तरी त्रुटी-दुरुस्तीमुळे, म्हणजे पुसलेली माहिती उरलेल्या ठिपक्यांवरून भरून काढण्याच्या सोयीमुळे, वाचला जातो. फक्त जास्त ताण येणाऱ्या भागावर खोल कोरू नये, तिथूनच तडा जाऊ शकतो. टॅग निखळतो, शिवाय धातूवर साधा टॅग चालत नाही.

मेहनतीत उलटं. कोड एकेक करून वाचावा लागतो. टॅग लावलेले खोके न उघडता मोजता येतात. दारूगोळ्याजवळ मात्र रेडिओलहरींचा धोका आधी तपासा.

बंदूक, इंजिनाचे सुटे भाग असतील तर कोड. गोदामातली खोकी, पॅलेट असतील तर टॅग.