दोन सेंटिमीटरांचा हिशेब: ६.५ चौरस मीटरच्या विंडसर्फिंग शिडाचा आठ महिन्यांचा अनुभव

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, उरणच्या किनाऱ्यापासून पाचशे-सहाशे मीटर आत असताना, माझ्या शिडाचा डाउनहॉल, म्हणजे शीड मास्टच्या बुडाकडे खाली ओढून ताणणारा दोर, सैल पडला. दोर तुटला नाही की एका झटक्यात सुटलाही नाही. क्लीटच्या, म्हणजे दोर पकडून धरणाऱ्या खाचेच्या, दातांमधून तो थोडा थोडा सरकत राहिला आणि अर्ध्या तासापूर्वी ताठ असलेले शीड पाहता पाहता फुगून आले. वायव्येचा वारा त्या दुपारी १६ नॉटच्या आसपास होता. मागच्या हातावर एवढा भार आला की हार्नेसमध्ये (कंबरेच्या पट्ट्याने शिडाला अडकून) राहूनही बूम, म्हणजे शीड धरायचा आडवा दांडा, धरवेना. शीड पाण्यात टाकून, बोर्डावर बसून मी दोर पुन्हा ओढून पाहिला. परंतु जमिनीवर पाय रोवून जो ताण देता येतो तो पाण्यात देता येत नाही. शेवटी शीड तसेच अर्धवट सैल ठेवून, दर दोन मिनिटांनी पडत, ओहोटीचा जोर वाढण्याआधी मी किनारा गाठला. त्या दिवसापर्यंत या शिडाविषयी माझे जे मत होते ते चुकीचे होते, आणि म्हणूनच हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

शीड कॅम (बॅटन मास्टवर टेकवणारे चिमटे) नसलेले, सहा बॅटनचे (शिडाला आकार देणाऱ्या आडव्या पट्ट्यांचे), फ्रीराइड म्हणजे सर्वसाधारण वापराच्या प्रकारचे आहे. ऑक्टोबरमध्ये ते मास्ट (डोलकाठी), एक्स्टेन्शन (मास्टच्या बुडाचा जोडनळा) आणि बूम अशा पूर्ण संचासह एका विक्रेत्याकडून घेतले. शीड एक हंगाम वापरलेले होते, मास्ट नवा होता. माझे वजन ७४ किलो, बोर्ड ११५ लिटरचा. बाकीची मोजमापे अशा शिडाची नेहमीचीच आहेत.

मी बेलापूरला राहतो. घराजवळची खाडी या खेळाच्या कामाची नाही. ओहोटीला चिखलाचे पट्टे उघडे पडतात, बोर्डाखालचे ४० सेंटिमीटरचे फिन (पाते) कुठे रुतेल याचा भरवसा नसतो, आणि वरच्या अंगाला फ्लेमिंगोंचे अभयारण्य आहे, ज्याला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. तिथे शीड घेऊन जाण्याचा विचारही करू नये. म्हणून प्रत्येक वेळी गाडीच्या टपावर सामान बांधून उरण गाठावे लागते, भरतीची वेळ आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्याची वेळ जुळावी लागते, आणि असा योग महिन्यातून चार-पाच वेळाच येतो. एखादा बदल करून त्याचा परिणाम पाहायला आठवडा लागतो. निदान चुकले की हंगामच हातचा जातो, आणि माझे पहिले चार महिने असेच गेले.

सुरुवातीची तक्रार अशी होती: ११-१२ नॉटपर्यंत शीड उत्तम ओढते, बोर्ड लवकर पाण्यावर उचलला जातो, पण वारा १५ च्या वर गेला आणि झोत येऊ लागले की शीड अस्थिर होते. त्याचे पोट मागे सरकते, मागचा हात भरून येतो, शीड उघडल्याशिवाय (मागचा हात सैल सोडून वारा जाऊ दिल्याशिवाय) तोल राहत नाही, आणि शीड उघडले की वेग मरतो. घड्याळातील जीपीएसवर माझा कमाल वेग २१ नॉटच्या पुढे जाईना. मी ठरवून टाकले की शिडाची कापणीच सदोष आहे. पुढच्या कडेला दिलेला गोलावा जास्त आहे, तो कमी करून घेतला की पोट सपाट होईल, असे माझे गणित होते.

ठाण्यात होड्यांची आच्छादने आणि तंबू शिवणारे एक कारागीर आहेत. जानेवारीत शीड त्यांच्याकडे नेले. त्यांनी ते जमिनीवर पसरले, शिडाच्या पारदर्शक मोनोफिल्मवरून (प्लास्टिकच्या पापुद्र्यावरून) बोट फिरवले आणि पुढची शिवण उसवायला सरळ नकार दिला. ते म्हणाले, "साहेब, हे कापड नाही. कापडात सुई गेली की धागे बाजूला सरतात आणि परत मिटतात. यात भोक पडलं की ते कायमचं. जुन्या भोकांशेजारी नवी रांग मारली तर पोस्टाच्या तिकिटासारखं फाटेल." त्यांनी वरच्या दोन बॅटनच्या खिशांची टोके जाड पट्ट्याने मजबूत करून दिली, एका सुरकुतीवर चिकटफिल्मचा तुकडा लावला आणि साडेचारशे रुपये घेतले. त्यांनी तेव्हा पैशांचा विचार करून काम घेतले असते तर आज माझे चांगले शीड कायमचे बिघडलेले असते. त्या नकाराबद्दल मी त्यांचा मनापासून ऋणी आहे.

दुसरा धागा उरणच्याच किनाऱ्यावर मिळाला. तिथले एक वयस्कर तांडेल काका, ज्यांनी तरुणपणी शिडाच्या होड्या चालवल्या आहेत, माझे शीड वाळूवर उभे असताना निरखून पाहत होते. "वरचा शेंडा बघा," ते म्हणाले, "वारा आला तरी हलत नाही. त्याला वारा सांडताच येत नाही, मग सगळा भार तुमच्या हातावर येणार." हे वाक्य ऐकल्यावर मला माझ्या चुकीची दिशा कळली. फळीच्या सांध्यापासून शिडाचा शेंडा साडेचार मीटर उंच असतो. तिथे लागलेला थोडासा जोरही तरफेसारखा काम करतो, आणि वारा पाण्यालगत मंद व वर जोरात असतो हे वेगळेच. डाउनहॉल ओढला की मास्ट वाकतो, शेंड्याकडची मागची कड मुद्दाम सैल पडते, झोत आला की ती उघडून जादा वारा सोडते आणि झोत ओसरला की मिटते. त्याच ताणाने शिडाचे पोट मास्टजवळ, पुढच्या बाजूला, धरून ठेवले जाते. स्थैर्य आणि वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे मी समजत होतो. वस्तुतः जे शीड झोतात स्थिर राहते तेच उघडावे लागत नाही, आणि म्हणूनच वेग टिकवते.

माझ्या शिडाचा शेंडा का उघडत नव्हता? शिडावर छापलेल्या मापाएवढा डाउनहॉल मी देत होतो. म्हणून संशय मास्टवर गेला. मास्टचा ताठरपणा मोजण्याची आयएमसीएस ही पद्धत घरीही करता येते: मास्ट दोन टोकांवर आडवा टेकवायचा, मध्यभागी ३० किलो वजन टांगायचे, तो किती खाली वाकतो ते मोजायचे, आणि मास्टच्या लांबीला त्या आकड्याने भागायचे. मग बुडापासून पाव आणि पाऊण लांबीवरचा वाकही मोजून, मधल्या वाकाच्या तो किती टक्के आहे ते काढायचे. इमारतीच्या पार्किंगमध्ये दोन लोखंडी घोड्यांवर मास्ट ठेवला, २० लिटर पाण्याचा जार आणि तांदळाची १० किलोची पिशवी पट्ट्याने टांगली, टोकापासून टोकापर्यंत सुतळी ताणली. वजन टांगण्याआधीचे आणि नंतरचे अंतर वजा केले.

४३० सेंटिमीटरच्या मास्टचा मधला वाक २०.४ सेंटिमीटर आला, म्हणजे ताठरपणा २१; तो बरोबर होता. पण खालचा पाव भाग १३.३ आणि वरचा १५.१ आला. टक्क्यांत ६५ आणि ७४, फरक ९. ज्या मास्टला कॉन्स्टंट कर्व्ह, म्हणजे लांबीभर एकसारखा वाकणारा, म्हणतात त्यात हा फरक साधारण १२ ते १५ असतो. माझ्या मास्टचा वरचा भाग ताठ होता, तो हार्ड टॉपकडे झुकणारा होता. आणि शीड कॉन्स्टंट कर्व्ह मास्टसाठी कापलेले होते. छापील मापाएवढा ताण देऊन त्याचा शेंडा उघडणे शक्यच नव्हते.

विक्रेत्याने पावतीवर कॉन्स्टंट कर्व्ह असे स्पष्ट लिहून दिले आहे. मी मोजमापाची छायाचित्रे पाठवली. पहिले उत्तर आले की घरगुती मोजमाप ग्राह्य नाही. दुसरे आले की वापरलेला मास्ट बदलून मिळत नाही. तिसऱ्यात पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलत देऊ केली. मला सवलत नको होती, पावतीवर लिहिलेली वस्तू हवी होती. विकणाऱ्याने दोन घोडे आणि ३० किलो वजन दुकानात ठेवावे, ग्राहकासमोर मास्ट मोजून द्यावा, इतकी साधी ही गोष्ट आहे. हा पत्रव्यवहार मार्चमध्ये थांबला आणि त्यातून काहीही मिळाले नाही. नवा मास्ट घेण्याइतके पैसे या छंदावर पुन्हा घालण्याची माझी तयारी नव्हती, म्हणून आहे त्याच मास्टवर मार्ग काढायचे ठरवले: छापील मापापेक्षा २ सेंटिमीटर जास्त डाउनहॉल.

परिणाम लगेच दिसला. वरच्या दोन बॅटनमधला भाग मागच्या कडेपासून निम्म्यापर्यंत सैल पडू लागला, जसा तो पडायला हवा. पहिली वीस मिनिटे शीड हातात हलके झाले, झोत आला की शेंडा उघडताना दिसे, हार्नेसच्या दोऱ्या दोन बोटे पुढे घ्याव्या लागल्या कारण भाराचा मध्य पुढे आला होता. पण अर्धा-पाऊण तास झाला की तोच जुना जडपणा परत येई. मी तो माझ्या थकव्यावर ढकलत राहिलो.

एप्रिलच्या त्या प्रसंगानंतर मात्र मी एक साधी गोष्ट केली. किनाऱ्यावर ताण दिल्यावर क्लीटला लागूनच दोरावर काळ्या शाईची खूण केली आणि शिडाच्या खालच्या कडीपासून एक्स्टेन्शनच्या कप्पीपर्यंतचे अंतर मोजून ठेवले. चाळीस मिनिटांनी परत आलो तेव्हा ते अंतर बरोबर २ सेंटिमीटरने वाढले होते. मी जादा दिलेला सगळा ताण गेला होता. कप्प्यांची रचना सहा पदरी आहे, म्हणजे शीड २ सेंटिमीटर सैल व्हायचे तर दोराची लांबी १२ सेंटिमीटर वाढायला हवी. खूण क्लीटपासून ७ सेंटिमीटरच सरकली होती. उरलेले ५ सेंटिमीटर दोर स्वतः ताणला गेला होता.

तो दोर मी बेलापूरच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला ३ मिलिमीटरचा नायलॉन होता. मूळ दोर विरला म्हणून नोव्हेंबरमध्ये तो बसवला, कारण स्वस्त होता आणि हाताला मजबूत वाटला. नायलॉन मजबूत असतोच, पण तो पाणी पितो आणि ओला झाला की जास्त ताणतो. नाव बांधायला हा गुण चांगला, डाउनहॉलला घातक. शिवाय क्लीटची खाच ज्या जाडीसाठी बनवलेली आहे त्याहून बारीक दोर तळाशी बसतो आणि दातांना त्याची पकड मिळत नाही. त्यात वाळू आणि मिठाने दात झिजलेले. आता ४ मिलिमीटरचा, आत डायनीमाचा कृत्रिम धागा आणि बाहेर पॉलिएस्टरचे खरखरीत वेष्टन असलेला दोर बसवला आहे. नुसता डायनीमा ताणत नाही हे खरे, पण तो इतका गुळगुळीत असतो की क्लीटमध्ये सरकतो, वेष्टन हवेच. क्लीट दोन स्क्रूंचे असते, तेही नवे घातले. दोर आणि क्लीट मिळून खर्च सातशे रुपयांच्या आत आला. ज्या दोषासाठी मी शीड उसवायला निघालो होतो आणि मास्टवरून महिनाभर भांडलो, त्याचा मोठा भाग या सातशे रुपयांत मिटला.

मास्टची तक्रार त्यामुळे खोटी ठरत नाही. वरचा भाग ताठ आहे म्हणूनच २ सेंटिमीटर जास्त द्यावे लागतात आणि तेवढे दिल्यावर खालच्या भागातले पोट थोडे जास्त सपाट होते. हलक्या वाऱ्यातली ओढ पूर्वीपेक्षा कमी झाली आहे. ११ नॉटला पूर्वी बोर्ड उचलला जाई, आता १३ लागतात. पण १५ ते १८ नॉटच्या पट्ट्यात, जिथे आपल्याकडची मार्च-एप्रिलची चांगली दुपार असते, शीड आता तासभर एकसारखे राहते. मेमधल्या शेवटच्या फेरीत कमाल वेग २४.३ नॉट मिळाला, आणि त्याहून मोलाचे म्हणजे पाचशे मीटरच्या धावेत मला एकदाही शीड उघडावे लागले नाही.

आउटहॉलबद्दल, म्हणजे शिडाचा मागचा कोपरा बूमच्या टोकाकडे ओढणाऱ्या दोराबद्दल, फार सांगण्यासारखे नाही. दोर नुसता ताठ होईपर्यंत घेऊन त्यापुढे २ सेंटिमीटर ओढ दिली की पुरते. जास्त ओढून स्थैर्य आणू पाहणे म्हणजे डाउनहॉलचे काम आउटहॉलकडून करून घेणे, त्यात शीड नुसते निर्जीव होते. बॅटनचा ताण डाउनहॉल पूर्ण दिल्यानंतरच द्यावा, खिशावरच्या उभ्या सुरकुत्या जातील इतकाच. खालून तिसरा बॅटन मी फेब्रुवारीत जास्त आवळला होता, तेव्हा वळताना तो मास्टच्या दुसऱ्या बाजूला यायलाच तयार नव्हता. तुटलेल्या बॅटनच्या जागी तंबूची एकसारख्या जाडीची फायबरची कांडी घालण्याचा प्रयोगही केला आणि सोडून दिला. बॅटन पुढच्या टोकाला बारीक होत जातो म्हणूनच पोट पुढे पडते.

आता शीड पावसाळ्यासाठी गुंडाळले आहे. गोड्या पाण्याने धुऊन, गच्चीवर सावलीत वाळवून, शेंड्याकडून सैल गुंडाळी केली, कारण मोनोफिल्मला ऊन आणि घडी दोन्ही सोसत नाहीत. मास्टचे दोन तुकडे वेगळे करून सांध्यातली वाळू पुसून काढली. नव्या दोरावर छापील मापाची एक आणि त्यापुढे २ सेंटिमीटरची दुसरी, अशा दोन खुणा शिवून ठेवल्या आहेत; शाई खाऱ्या पाण्यात टिकत नाही. विक्रेत्याला मोजमापाची छायाचित्रे पावतीच्या प्रतीसह या आठवड्यात पुन्हा पाठवली आहेत.